लिव्हरपूलमध्ये रिंगोचा विषय काढून बघा

चार बीटल्सपैकी तिघांबद्दल या गावात फारसे मतभेद नाहीत. चौथा भारी ड्रमर होता की नुसता नशीबवान, यावर मात्र साठ वर्षं भांडण चालू आहे. आणि ते भांडण फक्त ड्रम्सचं नाही, हे कळायला त्याच्या गल्लीत जावं लागतं.

कुठल्याही गावाची एक दुखरी नस असते. कोल्हापुरात तांबडा-पांढरा, पुण्यात मिसळ, मुंबईत वडापाव. ‘इथे चांगला कुठे मिळतो हो?’ एवढंच विचारायचं. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस खुर्ची ओढून तुमच्यात येऊन बसतो. लिव्हरपूलमध्ये फुटबॉल सोडला, तर हे काम रिंगो स्टार करतो.

नदीकाठी पियर हेडला चार बीटल्सचे मोठ्ठे पुतळे आहेत. २०१५ मध्ये उभारलेले. पर्यटकांची झुंबड उडते. जॉनच्या बाजूला उभं राहून फोटो, पॉलच्या बाजूला उभं राहून फोटो, मग जॉर्ज. आणि रिंगोपाशी आलं की कुणीतरी तो जगप्रसिद्ध जोक मारतंच. तोच तो, जो लेननच्या नावावर खपतो: रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर सोडा, तो बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम नव्हता म्हणे!

जोक भन्नाट आहे. फक्त लेनननं तो मारल्याचा कुठेही पुरावा नाही. शोधणाऱ्यांनी खूप शोधलं, तेव्हा त्याचा माग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांपर्यंत लागला. लेननचा खून डिसेंबर १९८० मध्ये झाला होता. म्हणजे ज्याच्या तोंडी हे वाक्य घातलं जातं, तो तेव्हा हयातही नव्हता. पण जोक एकदा चिकटला की निघत नाही. रिंगोच्या बाबतीत तर आणखीनच नाही.

म्हणून म्हटलं, चला, या वादाच्याच मागे मागे गाव बघू. स्ट्रॉबेरी फील्ड आणि पेनी लेन सगळेच बघतात.

भांडणाचा श्रीगणेशा

सुरुवात अर्थातच मॅथ्यू स्ट्रीटवरच्या ‘कॅव्हर्न’ क्लबपासून. जिना उतरून खाली जायचं. विटांच्या कमानी, कोंदट उकाडा, भिंतीवर नावंच नावं. आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते: हे जसंच्या तसं मूळ तळघर नाही. मूळ क्लब १९७३ मध्ये बंद पडला आणि बुजवला गेला. १९८४ मध्ये जुन्या विटा वापरून, जुन्या जागेचा काही भाग धरून तो पुन्हा बांधला. पण गाणं सुरू झालं की हा हिशेब कुणी करत नाही.

रिंगोवरची पहिली जाहीर मारामारी इथलीच. अक्षरशः मारामारी. १६ ऑगस्ट १९६२ ला मॅनेजर ब्रायन एप्स्टाइननं ड्रमर पीट बेस्टला ऑफिसात बोलावून घेतलं आणि नारळ दिला. पीट दोन वर्षं बँडमध्ये होता, हॅम्बर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून आलेला होता आणि वर देखणा. पोरींचा जीव त्याच्यावर. १९ ऑगस्टला रिंगो पहिल्यांदा बीटल म्हणून कॅव्हर्नमध्ये बसला, तेव्हा पब्लिक पीटच्या नावानं ओरडत होतं. त्या दिवसांतल्या राड्यात जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला. सप्टेंबरमधल्या रेकॉर्डिंगच्या फोटोंत तो दिसतोसुद्धा. २२ तारखेला टीव्हीवाल्यांनी कॅव्हर्नमध्ये शूटिंग केलं. त्या फिल्ममध्ये गाणं संपताच पीटची मागणी करणारा एक आवाज स्पष्ट ऐकू येतो.

विचार करा. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडमध्ये नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात गाव म्हणतंय, तू नको, तो हवा.

मद्रासमध्ये जन्मलेला बीटल

पीटची बाजू ऐकायची तर वेस्ट डर्बी भागात हेमन्स ग्रीनला जायला हवं. मोठं जुनं व्हिक्टोरियन घर आणि त्याच्या तळघरात ‘कॅस्बा कॉफी क्लब’. इथे आपल्यासाठी एक सरप्राइज आहे. पीट बेस्टचा जन्म मद्रासचा, २४ नोव्हेंबर १९४१. त्याची आई मोना, तिचा जन्म दिल्लीचा. महायुद्ध संपल्यावर १९४५ मध्ये हे कुटुंब ‘जॉर्जिक’ जहाजानं लिव्हरपूलला आलं. मोनाबाई भलत्याच डेअरिंगबाज. १९५४ च्या डर्बीत दागिने गहाण टाकून ‘नेव्हर से डाय’ नावाच्या घोड्यावर पैसे लावले, घोडा जिंकला आणि त्या पैशांतून हे घर आलं, अशी कथा घरचेच सांगतात.

२९ ऑगस्ट १९५९ ला त्यांनी तळघरात पोरांसाठी क्लब काढला. पहिल्या रात्री वाजवायला आलेला बँड होता ‘क्वॉरीमेन’, म्हणजे होऊ घातलेले बीटल्स. क्लबच्या छतावर त्या पोरांनी स्वतः मारलेले रंगाचे पट्टे अजून आहेत. कॅव्हर्नमध्ये विटा परत रचल्या आहेत. कॅस्बात मात्र जे आहे ते तेव्हाचं आहे. इथे उभं राहिलं की पीटवाल्यांचा राग पटायला लागतो. ज्याच्या आईनं यांना तळघर दिलं, त्यालाच यांनी गाण्यातून काढलं.

मग पीट का गेला? ६ जून १९६२ ला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत झालेल्या पहिल्या सेशनमध्ये निर्माता जॉर्ज मार्टिनला पीटचे ड्रम्स पटले नाहीत. रेकॉर्डिंगसाठी बाहेरचा ड्रमर आणायचं त्यानं ठरवलं. बाकीचं बँडमधलं आपसातलं राजकारण. त्यावर लिव्हरपूलमध्ये जितकी डोकी तितकी मतं.

पण जॉर्ज मार्टिनला रिंगो तरी कुठे लगेच पटला? ४ सप्टेंबरला रिंगोनं ‘लव्ह मी डू’ वाजवलं. ११ तारखेला पुन्हा सगळे जमले, तर ड्रम्सवर अँडी व्हाइट नावाचा व्यावसायिक ड्रमर बसलेला, आणि रिंगोच्या हातात डफासारखी टॅम्बरिन! बिचारा. ही गोष्ट आजही कानांनी तपासता येते. ऑक्टोबर १९६२ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या सिंगलवर रिंगोचे ड्रम्स आहेत. अल्बमवर आहे ते व्हाइटचं. ज्यात टॅम्बरिन खुळखुळते, ते रिंगोनं वाजवलेलं नाही; म्हणजे ड्रम्स वाजवलेले नाहीत, खुळखुळा त्याचाच.

सनलाइटच्या गावातला पहिला शो

आता मर्सी नदीपलीकडे. नदीखालून जाणारी मर्सीरेलची गाडी पकडायची आणि पोर्ट सनलाइटला उतरायचं. नाव ओळखीचं वाटलं? बरोबर, तोच तो सनलाइट साबण. लीव्हर कंपनीनं १८८८ पासून आपल्या कामगारांसाठी वसवलेलं हे टुमदार गाव. नटवलेली घरं, कापलेली हिरवळ, सगळं कसं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ.

इथल्या ‘ह्यूम हॉल’मध्ये १८ ऑगस्ट १९६२ ला, कॅव्हर्नच्या आदल्या दिवशी, रिंगोनं अधिकृत बीटल म्हणून पहिला कार्यक्रम केला. निमित्त काय, तर गावातल्या बागकाम मंडळाचा डान्स! रॉकच्या इतिहासातली एवढी मोठी चौकडी पहिल्यांदा जमली ती गुलाब-झेंडू लावणाऱ्या मंडळींसमोर. इथे कुणी ओरडलं नाही, कुणाचा डोळा सुजला नाही. लिव्हरपूलमधल्या त्या सगळ्या गोंधळात रिंगोला मिळालेली ही एक शांत संध्याकाळ.

‘ग्रेप्स’मधली जुगलबंदी

ऑगस्टच्या अखेरीस लिव्हरपूलमध्ये ‘बीटल वीक’ असतो. देशोदेशीचे बँड येतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त बीटल्स वाजवतात. त्या आठवड्यात गावात रिंगो किती असतात, विचारू नका. मॅथ्यू स्ट्रीटवरच ‘द ग्रेप्स’ पब आहे. कॅव्हर्नमध्ये तेव्हा दारू मिळत नसे, म्हणून बीटल्स इथे येऊन बसत. आमच्या टेबलावर तिघं होते: लेड झेपेलिनचा टी-शर्ट घातलेला एक तिशीतला इंग्लिश तरुण, ब्राझीलहून आलेल्या एका बँडची ड्रमर मुलगी, आणि पीटला कॅव्हर्नमध्ये स्वतः ऐकलेले एक आजोबा. विषय मीच काढला. मग मला बोलायची गरजच पडली नाही.

झेपेलिनवाला म्हणाला, ‘‘मला त्याचा एक सोलो दाखव. एकच. आमचा जॉन बॉनहॅम स्टेजवर वीस-वीस मिनिटं एकटा वाजवायचा, काठ्या टाकून नुसत्या हातांनी वाजवायचा. कीथ मून बघ, जिंजर बेकर बघ. रिंगोचा आख्ख्या बीटल्समध्ये एक सोलो, ‘दी एन्ड’मधला. जेमतेम पंधरा सेकंद!’’

मुलगी हसली. ‘‘आणि तोसुद्धा मागे लागून वाजवायला लावलाय त्याला. सोलो आवडतच नव्हते त्याला.’’

‘‘तेच म्हणतोय मी! आणि १९६८ मध्ये तो रुसून गेला, तर पॉलनं ड्रम्स वाजवले. ‘बॅक इन द यूएसएसआर’, ‘डिअर प्रूडन्स’. कुणाला कळलं?’’

यावर मुलीनं काय करावं? टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या आणि बिअरचे मग ड्रमसारखे मांडले. ‘‘हे बघ. उजव्या हाताचा माणूस रोल असा सुरू करतो, उजव्या हातानं, आणि डावीकडून उजवीकडे सरकत जातो. सोपं आहे, हात मोकळे राहतात. रिंगो डावखुरा. पण ड्रम्स मांडलेले उजव्यांसाठी. तो सुरुवात डाव्या हातानं करणार, म्हणजे हातात हात अडकणार. मग ते टाळायला तो मध्ये श्वासभर थांबतो, उलटीकडून येतो. ‘अ डे इन द लाइफ’ ऐक. त्या जागा कागदावर लिहिल्या तर सोप्या आहेत.’’ तिनं पेन्सिली खाली ठेवल्या. ‘‘बॉनहॅम मी वाजवते. काय करायचं ते समजायला वर्ष लागलं, मग जमलं. रिंगोचं काय करायचं ते पाच मिनिटांत समजतं. सात वर्षं झाली, जमत नाही.’’

तिच्या मुद्द्याला आणखी पुरवणी जोडता येते. रिंगो हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडमीट होणाऱ्या त्या दोन झांजा, अर्धवट उघडी ठेवून गाडीच्या वायपरसारखी आडवी झोडपायचा. सुरुवातीच्या गाण्यांत मागे जो सळसळता गोंगाट आहे, तो तिथून येतो. ‘रेन’ हे त्याचं स्वतःचं सगळ्यात लाडकं काम. ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी ढोल्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, ‘कम टुगेदर’साठी ड्रम्सवर चहाचे फडके पसरले, आणि तो दबका, दमट आवाज जगभर कॉपी झाला. ‘ऑल यू नीड इज लव्ह’च्या कडव्यांत तर सात मात्रांचा हिशेब आहे, आपल्या रूपकासारखा. लोक बिनदिक्कत टाळ्या वाजवत गातात आणि कुणीही अडखळत नाही. का? कारण मागे बसलेला माणूस अवघड गोष्ट अवघड वाटू देत नाही.

बीटल्सचा इतिहासकार मार्क लुइसन यानं स्टुडिओतल्या मूळ टेप्स तासन् तास ऐकल्या आहेत. त्याच्या मते, इतक्या वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये रिंगोच्या चुकीमुळे टेक मोडला असे प्रसंग डझनभरही नसावेत. ११ फेब्रुवारी १९६३ ला तर एका दिवसात दहा गाणी झाली. कानात टिकटिक करणारं यंत्र नाही, कॉम्प्युटरवर सुधारायची सोय नाही. जे वाजलं ते वाजलं.

आपल्याकडे हा वाद समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. तबला सोलो वेगळा आणि साथ वेगळी, हे मैफलीत मागच्या सतरंजीवर बसणाऱ्यालाही कळतं. साथीच्या तबलजीनं प्रत्येक जागी हात दाखवायला घेतला तर गवई वळून बघतो. आणि ठेका असा काही लागला की गाणाराच खुलतो, तेव्हा टाळी गाणाऱ्याला मिळते. रिंगो हा साथीचा माणूस. बॉनहॅमच्या फूटपट्टीनं त्याला मोजलं तर तो कमीच भरणार. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं २०१६ मध्ये शंभर ड्रमर्सची यादी केली, त्यात बॉनहॅम पहिला, रिंगो चौदावा. ‘ग्रेप्स’मध्ये हा आकडा दोन्ही पार्ट्या आपापल्या बाजूनं वापरतात!

आजोबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मुली, तू म्हणतेस ते खरं असेल. पण पीटला निदान तोंडावर सांगायला हवं होतं त्या तिघांनी. मॅनेजरला पुढे केलं.’’ यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. रिंगो कितीही चांगला ठरला, तरी आजोबांची तक्रार तिथल्या तिथे राहते.

सात कोटी तीस लाख डोळेजोड्या

बरं, कौशल्याचा वाद बाजूला ठेवू. प्रभाव? तिथे मात्र झेपेलिनवाल्यालाही मान डोलवावी लागली. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये झळकले. बघणारे अंदाजे ७ कोटी ३० लाख. ड्रमर एरवी मागे, अंधारात. रिंगो मात्र उंच चौथऱ्यावर, मान हलवत, हसत. पुढच्या ड्रमवर कंपनीचं नाव ठळक: ‘लडविग’. लडविगचा पहिला सेट त्यानं आदल्या वर्षी लंडनच्या शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यूवरच्या ‘ड्रम सिटी’ या दुकानातून घेतला होता. शोनंतर लडविगच्या कारखान्यात मागणी पुरवता पुरवता दिवसरात्र काम चालू ठेवावं लागलं. जॅझवाले डावी काठी बोटांत तिरकी धरत. रिंगो दोन्ही काठ्या सारख्याच धरायचा, आणि त्याच्याकडे बघून शिकलेल्या पिढीनंही तशाच धरल्या. त्या रात्री ड्रम्स हवेत म्हणून आईबापांच्या मागे लागलेली पोरं पुढे स्वतः रॉक स्टार झाली.

एवढं असूनही रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्याला स्वतंत्र कलावंत म्हणून घेतलं २०१५ मध्ये. चौघांमध्ये सगळ्यात शेवटी. ‘सर’ही पॉल झाला १९९७ मध्ये, हा २०१८ मध्ये.

सगळ्यात शेवटी. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण आता आपण त्याच्या घरी जातोय.

डिंगल, घर नंबर नऊ

लिव्हरपूल ८ मधला डिंगल हा भाग शहराच्या दक्षिणेला, गोद्यांच्या जवळ. कष्टकऱ्यांची वस्ती. इथे ‘वेल्श स्ट्रीट्स’ नावाचा गल्ल्यांचा पुंजका आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्श बांधकामवाल्यांनी उभारलेल्या विटांच्या घरांच्या रांगा, गल्ल्यांना वेल्समधली नावं: व्होएलास, रिवलस, पोविस, मॅड्रिन. आपल्या बैठ्या चाळींची आठवण यावी अशा. भिंतीला भिंत, दाराला दार.

९, मॅड्रिन स्ट्रीट. ७ जुलै १९४० ला रिचर्ड स्टार्की इथे जन्मला. आईवडील वेगळे झाले. आई एल्सीला हे भाडं परवडेना, म्हणून मायलेक हाय पार्क स्ट्रीट ओलांडून १०, अॅडमिरल ग्रोव्हला गेले. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या, संडास बाहेर. गल्लीच्या तोंडाशी ‘एम्प्रेस’ पब, जिथे एल्सी काम करायची. १९७० मध्ये रिंगोनं पहिला सोलो अल्बम काढला तेव्हा कव्हरवर हाच पब होता.

सहाव्या वर्षी पोरगं अपेंडिक्स फुटून मरता मरता वाचलं. जवळजवळ वर्षभर हॉस्पिटल. तेराव्या वर्षी फुप्फुसाचं दुखणं, क्षयरोग, पुन्हा दोन वर्षं. शाळा सुटलीच. पण त्या दुसऱ्या मुक्कामात आजारी मुलांचं मन रमावं म्हणून वाजवायला वाद्यं देत, आणि याच्या हाती ड्रम आला. त्यानंतर त्याला दुसरं काही नको होतं. १९५७ च्या नाताळात सावत्र वडील हॅरी यांनी लंडनहून जुना सेट आणून दिला. पोटाचं ते दुखणं मात्र जन्माला चिकटलं. १९६८ मध्ये बीटल्स आपल्याकडे ऋषिकेशला आले, तेव्हा हे महाशय सुटकेसमध्ये बेक्ड बीन्सचे डबे भरून आले होते आणि दहाएक दिवसांत परतले. त्यावरूनही जोक झाले. डिंगलमध्ये ही हकिकत कळल्यावर त्यांची धार थोडी कमी होते.

आता खरा वाद. २००० च्या दशकात सरकारच्या एका योजनेखाली या गल्ल्या पाडून नवी घरं बांधायचं ठरलं. माणसं हलवली, खिडक्या-दारांना पत्रे ठोकले. जॉनचं ‘मेंडिप्स’ आणि पॉलचं फोर्थलिन रोडवरचं घर तोवर नॅशनल ट्रस्टनं जपायला घेतलं होतं. रिंगोच्या घराबद्दल युक्तिवाद असा होता, की तो इथे अगदी लहानपणी थोडीच वर्षं राहिला, इथे काही बीटल्स घडले नाहीत. मग काय जपायचं? मध्यंतरी एकेक वीट सुटी करून घर दुसरीकडे उभारायची कल्पनाही निघाली.

म्हणजे ड्रम्सचाच वाद, फक्त विटांच्या भाषेत. तो होता हो, पण त्यानं असं काय केलं?

जगभरचे फॅन्स येऊन नऊ नंबरच्या पत्र्यांवर निरोप लिहीत राहिले. मागे राहिलेले रहिवासी आणि वारसाप्रेमी लढत राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता: चांगली घरं आहेत, दुरुस्त करा, राहू द्या. २०१२ मध्ये रिंगोच्या घरासह मॅड्रिन स्ट्रीटवरची मोजकी घरं वाचवायचं जाहीर झालं. पण एकटं घर वाचवून आजूबाजूची गल्ली पाडायची, यात काय मजा? २०१५ मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनी पाडापाडीचा आराखडाच फेटाळला. कारणांमध्ये बीटल्सच्या वारशाचं नुकसान हेही होतं. त्यानंतर घरं दुरुस्त होऊन भाड्यानं दिली जाऊ लागली. एका ड्रमरच्या चारपाच वर्षांच्या वास्तव्यानं अख्ख्या मोहल्ल्याला हातभार लावला.

आणि तरीही राग

एवढं झाल्यावर गाव आणि रिंगो गळ्यात गळे घालून फिरत असतील, असं वाटतं ना? छे. जानेवारी २००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, तेव्हा उद्घाटनाला रिंगोनं सेंट जॉर्जेस हॉलच्या छतावर चढून वाजवलं. गाव खूश. काही दिवसांनी टीव्हीवर त्याला विचारलं, लिव्हरपूलची काय आठवण येते? तो थट्टेत म्हणाला, काहीच नाही. झालं! साउथ पार्कवे स्टेशनबाहेर झुडपं कापून चार बीटल्सच्या आकृत्या केल्या होत्या. त्यातल्या एकाचंच मुंडकं कुणीतरी उडवलं. कुणाचं, ते सांगायला नको.

यात राग आहे, पण त्यात हक्कही आहे. परक्या माणसाचं मुंडकं कुणी उडवत नाही. आता ‘एम्प्रेस’च्या भिंतीवर रिंगोचं भलंमोठं चित्र आहे. २०२५ मध्ये तो ८५ वर्षांचा झाला.

२०२१ मध्ये आलेली ‘गेट बॅक’ ही डॉक्युमेंटरी बघा. पॉल गिटार खरवडत नवं गाणं शोधतोय, जॉर्ज जांभई देतोय, आणि रिंगो समोर बसून नुसता ऐकतोय. मग हळूच टाळी धरतो. कुणी त्याला सांगितलेलं नाही. सूर सापडायच्या आधी त्याला ठेका सापडलेला असतो. मला वाटतं, रिंगो चांगला होता का याचं उत्तर तिथे आहे, आणि ते पंधरा सेकंदांच्या सोलोत मावणारं नाही.

जॉन आणि पॉलच्या घरात जायला तिकीट काढावं लागतं. आत सगळं तेव्हाच्यासारखं मांडून ठेवलंय, हात लावायची सोय नाही. मॅड्रिन स्ट्रीटवर मात्र संध्याकाळी खिडक्यांत दिवे लागतात, कुणीतरी कांदा परततं, कुणाचं तरी पोर सायकल आपटत आत येतं. तिथे बघण्यासारखं फार काही नाही. राहण्यासारखं आहे.

जायचं असेल तर…

कसं जाल: लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून लिव्हरपूल लाइम स्ट्रीटला थेट ट्रेन, साधारण सव्वादोन तास. डिंगलसाठी मर्सीरेलचं ब्रन्सविक स्टेशन, तिथून चालत. पोर्ट सनलाइटलाही मर्सीरेलच. कॅस्बा आणि नॅशनल ट्रस्टच्या घरांसाठी आधी बुकिंग करा.

कधी जाल: गर्दी आणि गाणी हवी असतील तर ऑगस्टअखेरचा बीटल वीक. शांतता हवी असेल तर कधीही, फक्त तो सोडून.

एक विनंती: मॅड्रिन स्ट्रीट आणि अॅडमिरल ग्रोव्हला लोक राहतात. फोटो रस्त्यावरून काढा, बेल वाजवू नका.

जाण्याआधी हेडफोन लावून ऐका: ‘रेन’ (१९६६), ‘टुमॉरो नेव्हर नोज’ (१९६६), ‘अ डे इन द लाइफ’ (१९६७), ‘कम टुगेदर’ (१९६९), आणि भांडायला मुद्दा हवा म्हणून ‘दी एन्ड’ (१९६९). गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त मागचा ठेका ऐकायचा प्रयत्न करा. अर्ध्या मिनिटात तुम्ही पुन्हा गाणंच ऐकायला लागाल. तेच तर त्याचं काम होतं.